वणवा, वाट आणि रानफुले

गेल्या वर्षी मार्चच्या अखेरीस मी कॅलिफोर्नियातल्या माउंट तामालपाइस या डोंगरावर सायकल घेऊन गेलो होतो. सॅन फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेले की मरीन काउंटी लागते. तिथला हा डोंगर उंचीला सुमारे २,५७० फूट. समुद्रसपाटीपासून मोजले तर आपल्या सिंहगडाच्या दोन तृतीयांशही नाही. पण सायकलीच्या इतिहासात या डोंगराचे नाव मोठे आहे. आज ज्या सायकलीला जगभर माउंटन बाइक म्हणतात, तिची जडणघडण याच्या अंगाखांद्यावर झाली. गेली वीस वर्षे मी जुन्या सायकलींविषयीची कात्रणे, किंमतपत्रके आणि छायाचित्रे गोळा करतो आहे. त्यामुळे भाच्याकडे महिनाभर राहायचे ठरले, तेव्हा हा डोंगर पाहायचाच, हे आधीपासून पक्के होते.

भाड्याची सायकल घेऊन मी पश्चिमेच्या अंगाला, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या गवताळ उतारावर पोहोचलो. पाऊस नुकताच सरला होता. केशरी पॉपी, निळी ल्युपिन, जांभळट आयरिस, सगळे एकदम फुललेले. पुढच्या वळणावर पिवळ्या फुलांनी लगडलेली झुडपे दिसली. समोरून काही पदयात्री येत होते. त्यांना वाट द्यावी आणि फोटोही काढावा म्हणून मी उतरलो आणि सायकल कडेच्या गवतात आडवी टाकली. तिथेच हातमोजे घालून एक वयस्कर बाई झुडपे उपटत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी तुमची सायकल उचला. मग हवे तेवढे फोटो काढा."

सायकल उचलली, तर हँडलखाली जमिनीला चिकटून पसरलेले एक पिवळसर हिरवे रोप चेपले गेले होते. तिकडचे लोक त्याला 'वसंताची पावले' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आणि ज्या झुडपांचा फोटो काढायला मी थांबलो होतो, तीच त्या बाई मुळासकट उपटत होत्या. ते ब्रूम. शोभेसाठी युरोपातून आणलेले आणि मग डोंगरभर माजलेले. आपल्याकडे घाणेरी आणि रानमोडी माजली तशी गत. ज्याचे कौतुक करत होतो ते तण निघाले आणि ज्याला जपायला हवे ते माझ्या सायकलीखाली होते.

मी ओशाळलो. पण घरी परतल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना. या डोंगरावर सायकलीने जावे की पायीच जावे, यावर तिथे चाळीसेक वर्षे भांडण चालू आहे आणि त्या भांडणात फुलांचे नाव वारंवार घेतले जाते. मग ही फुले या उतारावर आली कशी? आणि ज्या रस्त्यावरून मी ती पाहायला गेलो, तो रस्ता कोणी आणि कशासाठी केला? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत गेलो, तर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जाऊन मिळाल्या. ते ठिकाण म्हणजे वणवा.

फुलांची शेते

या डोंगराचे मूळ रहिवासी कोस्ट मिवोक. तामालपाइस हे नावच त्यांच्या भाषेतून आले आहे. युरोपीय प्रवाशांनी कॅलिफोर्नियाच्या फुललेल्या माळांची वर्णने केली, तेव्हा ती निसर्गाने आपोआप मांडलेली बाग समजून केली. कॅट अँडरसन यांचे 'टेंडिंग द वाइल्ड' हे २००५ सालचे पुस्तक या समजुतीला छेद देते. कॅलिफोर्नियातले आदिवासी माळ ठरावीक काळाने जाळत. त्यामुळे झुडपे मागे हटत, जुने वाळके गवत जाऊन जमिनीला ऊन मिळे आणि पुढच्या वसंतात फुलझाडे दाट उगवत. हा खटाटोप नुसत्या शोभेसाठी नव्हता. अनेक रानफुलांचे बी ते झोडपून टोपलीत गोळा करत, निखाऱ्यांबरोबर भाजत आणि कुटून त्याचे पीठ करत. काही फुलांचे कंद खणून खात आणि खणताना सुटलेले बारके कंद मातीतच राहू देत, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पीक मिळे. तेव्हा आपण ज्याला रानफुलांचा माळ म्हणतो, ते बऱ्याच ठिकाणी राखलेले शेत होते.

१७९३ साली स्पॅनिश गव्हर्नर आर्रिलागा याने माळ जाळण्यास मनाई करणारा हुकूम काढला. गुरांना चारा हवा होता आणि आगीची भीती होती. १८१७ मध्ये सान राफाएल येथे मिशन उभे राहिले आणि मिवोक लोक आपल्या गावांपासून तुटून तिथे गोळा झाले. रोगराईने त्यांची संख्या झपाट्याने घटली. गुरांबरोबर भूमध्य सागराकडची हंगामी गवते आणि रानओट आले आणि त्यांनी माळ व्यापले. मिवोक लोक मात्र संपले नाहीत. २००० साली अमेरिकेच्या संघराज्य सरकारने त्यांच्या आणि शेजारच्या पोमो लोकांच्या वंशजांना पुन्हा मान्यता दिली.

या उलथापालथीच्या मध्यातच कॅलिफोर्नियाच्या सर्वांत प्रसिद्ध फुलाचे बारसे झाले. १८१६ मध्ये 'रुरिक' नावाचे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आले. त्यावर आडेलबर्ट फोन शामिसो हा कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होता. केशरी पॉपीला त्याने जहाजावरचा डॉक्टर मित्र एशशोल्ट्झ याचे नाव दिले. म्हणून तिचे शास्त्रीय नाव उच्चारताना आजही जीभ अडखळते. १९०३ मध्ये ती कॅलिफोर्नियाचे राज्यपुष्प झाली.

परक्या गवतांपुढे देशी फुलांनी कुठे टिकाव धरला असेल, तर जिथे जमीनच वाईट होती तिथे. मरीनमध्ये सर्पेंटाइन नावाचा हिरवट, गुळगुळीत खडक ठिकठिकाणी वर आला आहे. त्याच्यापासून झालेल्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरपूर आणि निकेल-क्रोमियमसारख्या धातूंचा अंश. परक्या गवतांना ही माती सहसा मानवत नाही. जी देशी झाडे तिच्याशी जुळवून घेऊन बसली, त्यांना तिथे मोकळीक मिळाली. तामालपाइसच्या समोरच रिंग माउंटन नावाची एक टेकडी आहे. तिच्यावर कॅलोकॉर्टस टिब्युरोनेन्सिस ही लिली फुलते आणि जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती शास्त्रज्ञांना ठाऊकच नव्हती. एवढ्या मोठ्या शहराच्या शेजारी, लोकांच्या नजरेसमोर ती फुलत राहिली.

मराठी वाचकाला हे कळायला अवघड नाही. कासचे पठार काय किंवा कोकणातले सडे काय, जांभ्याच्या कातळावरचा बोटभर मातीचा थर शेतीच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी. म्हणूनच तिथे नांगर फिरला नाही आणि भाद्रपदात रानफुलांचे गालिचे उरले. खडक वेगळा, ऋतू वेगळा, पण नापीकपणाने फुलांना वाचवले ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

पायी हिंडणारी बाई

तामालपाइसची फुले कागदावर नोंदवण्याचे मोठे काम अॅलिस ईस्टवुड यांनी केले. त्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते आणि त्याचे कारण लपवत नाही. १८५९ मध्ये टोरांटोत जन्मलेल्या या बाईंचे औपचारिक शिक्षण डेन्व्हरच्या हायस्कूलपर्यंतच झाले. त्याच शाळेत शिकवत असताना त्यांनी हाताशी असलेली दोन-तीन पुस्तके आणि कोलोरॅडोचे डोंगर यांच्या बळावर वनस्पतिशास्त्र शिकून घेतले. १८८७ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस डेन्व्हरला आले, तेव्हा त्यांना ग्रेज पीक या शिखरावर फुले दाखवायला नेण्याचे काम या शिक्षिकेकडे आले. १८९२ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अॅकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये रुजू झाल्या आणि १९४९ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, तिथे राहिल्या.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाची त्यांची हकिगत प्रसिद्ध आहे. अॅकॅडमीच्या इमारतीचा जिना कोसळला होता आणि शहरात आग पसरत होती. ईस्टवुड एका सहकाऱ्याबरोबर जिन्याच्या लोखंडी कठड्याच्या आधाराने वर चढल्या. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे पहिले वर्णन होते, त्या मूळ नमुन्यांना शास्त्रात फार महत्त्व. हे नमुने त्यांनी आधीपासून वेगळ्या कपाटात ठेवले होते. इतरांच्या पद्धतीत हे बसत नव्हते, पण त्यामुळेच ते चटकन काढता आले. दोऱ्या बांधून गठ्ठे खाली सोडले. असे १,४९७ नमुने वाचले. पुढे इमारत जळाली आणि त्यांचे स्वतःचे घरही.

त्या तामालपाइसवर वर्षानुवर्षे पायी हिंडल्या. एका दिवसात वीस मैल चालणे त्यांना नवल नव्हते. हे सांगताना एक गोष्ट विसरू नये. वनस्पतिशास्त्रज्ञ फूल पाहतो, म्हणजे बहुतेक वेळा ते खुडतो, दाबतो आणि वाळवतो. ईस्टवुड निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी नव्याने उभ्या केलेल्या संग्रहात तीन लाखांहून अधिक नमुने होते. यातला प्रत्येक नमुना कोणत्या तरी डोंगरावरून उचललेला. पायी चालणारा डोंगराला काहीच त्रास देत नाही, असे म्हणताना मला हे नमुने आठवतात. त्यांनी खुडले नसते, तर जपायचे काय हेही आज समजले नसते.

बिनइंजिनाची गाडी

पायी येणाऱ्यांच्या जोडीला लवकरच आगगाडीने येणारे आले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये मिल व्हॅली गावातून शिखराच्या अगदी जवळपर्यंत जाणारी रेल्वे सुरू झाली. सव्वाआठ मैलांच्या वाटेत २८१ वळणे. जगातली सर्वांत वाकडी रेल्वे, अशी तिची जाहिरात केली जाई. शहरातले लोक सुटीच्या दिवशी नावेने खाडी ओलांडून येत आणि या गाडीने वर जात.

उतरण्यासाठी मात्र इंजिनाची गरज नव्हती. १९०७ नंतर तिथे उघडे डबे उताराने आपोआप सोडले जात. प्रत्येक डब्यात ब्रेक धरून एक माणूस बसे. ताशी दहा-बारा मैलांच्या गतीने डबा प्रवाशांना घेऊन रेडवुडच्या जंगलापर्यंत खाली येई. त्या फाट्याचे मूळ शेवटचे ठिकाण जिथे होते, तिथे आज तंबू ठोकण्याची सार्वजनिक जागा आहे आणि तिला अॅलिस ईस्टवुड यांचे नाव आहे. वाऱ्यावर बसून उतार उतरायचा, हाताशी फक्त ब्रेक आणि कडेने वसंत ऋतू, हा आनंद या डोंगराने सायकलीच्या सत्तर वर्षे आधी लोकांना दिला होता.

जुलै १९२९ मध्ये मोठा वणवा लागला. मिल व्हॅलीत शंभरावर घरे जळाली. मोटारी आणि मोटाररस्ते आल्यामुळे रेल्वेचे उत्पन्न आधीच घटले होते. १९३० मध्ये ती बंद झाली आणि रूळ उखडले गेले. उरला तो सौम्य चढाचा मातीचा रस्ता. १९३० च्या दशकात मंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांना सरकारने जंगलाच्या कामाला लावले. सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या योजनेतली मुले तामालपाइसवरही होती. वणवा लागला तर बंब आणि माणसे वरपर्यंत पोहोचावीत, म्हणून डोंगरावर रुंद कच्चे रस्ते केले गेले. आपले वनखाते जाळरेषा काढते, तिचाच हा थोरला भाऊ म्हणावा. तिकडे याला फायर रोड म्हणतात.

इथे माझ्या दोन प्रश्नांची गाठ पडते. जाळण्यामुळे जे माळ टिकले होते, त्या माळांवर आग येऊच नये म्हणून हे रस्ते झाले. आग थांबली, तशी झुडपे आणि डग्लस फर वृक्ष माळात सरकू लागले आणि फुलांची जागा आक्रसली. मी ज्या रस्त्यावरून फुले पाहत गेलो, तो रस्ता फुलांचा माळ कमी करणाऱ्या धोरणाचाच भाग होता. धोरण आखणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर घरे जळाली होती.

भंगारातून आलेली सायकल

खडबडीत वाटेने सायकल नेणारे पूर्वीही होते. १८९७ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या कृष्णवर्णीय शिपायांची एक तुकडी मोंटानातल्या मिसूलाहून सेंट लुइसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलीने गेली. इंग्लंडमध्ये १९५५ साली आडवाटेने हिंडणाऱ्या सायकलस्वारांनी रफ स्टफ फेलोशिप ही संस्था काढली. पण मरीनमध्ये घडले ते वेगळ्या तऱ्हेने पसरले.

१९३३ मध्ये श्विन कंपनीने मुलांसाठी फुगीर टायरची दणकट सायकल बाजारात आणली. दोन इंचांहून रुंद टायर, जाड नळ्यांची फ्रेम आणि मागच्या चाकात उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक. १९७० च्या सुमारास या सायकली जुन्या बाजारात काही डॉलरना मिळत. मरीनमधल्या पोरांनी त्या घेतल्या, मडगार्ड आणि टाकीसारखी सजावट काढून टाकली आणि डोंगरावर नेल्या. वीस किलोंहून जड असे हे धूड चढावर ढकलत न्यायचे किंवा कोणाच्या ट्रकमध्ये टाकायचे आणि फायर रोडने सुसाट खाली यायचे. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणत. आपल्या भाषेत खटारा.

फेअरफॅक्स गावाच्या पश्चिमेला, तामालपाइसच्या शेजारच्या पाइन माउंटनवर अशीच एक उतरण आहे. दोनेक मैलांत सुमारे १,३०० फूट खाली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. एवढ्या उतारावर सतत ब्रेक दाबल्याने मागचा हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. खाली पोहोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे, म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. चार्ली केली या शर्यती भरवत. गॅरी फिशर यांनी तो उतार चार मिनिटे बावीस सेकंदांत कापला, तो विक्रम कायम राहिला. वेंडी क्रॅग या तरुणीने या मंडळींबरोबर हिंडत फोटो काढले. त्या काळाचे चित्र आज आपल्यासमोर आहे, ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

जुन्या फ्रेम मोडू लागल्या, तेव्हा जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये डोंगरासाठीच घडवलेली नवी फ्रेम तयार केली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची यांनी बनवलेल्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला आणि त्याला 'माउंटनबाइक्स' हे नाव दिले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर आली आणि ही सायकल कारखान्यातून हजारोंनी निघू लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिची शर्यत होती. पहिल्या रीपॅकपासून अवघी वीस वर्षे.

या मंडळींना यंत्राइतकाच डोंगरही प्रिय होता, असे मला जुने फोटो पाहताना जाणवते. शर्यतीचे दिवस मोजकेच. एरवी ही मुले दिवसभर डोंगरात भटकत. चढावर सायकल हाताने ढकलत नेणाऱ्या माणसाला कडेची फुले दिसतातच.

भांडण

सायकली थोड्या होत्या, तोवर कोणी फारसे बोलले नाही. हजारोंनी आल्यावर पायी चालणारे आणि घोड्यावरून हिंडणारे बिथरले. वळणावरून अचानक अंगावर येणारी सायकल हे त्यांच्या दृष्टीने संकटच होते आणि ही तक्रार खरी आहे. तामालपाइसचा मोठा भाग पाणीपुरवठा करणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आहे. तिने सायकलींना फायर रोडपुरती परवानगी ठेवली आणि अरुंद पायवाटा बंद केल्या. ताशी १५ मैलांची मर्यादा घातली आणि आंधळ्या वळणावर ५. वेग मोजायला वनरक्षक रडार घेऊन उभे राहू लागले. मोटारींसाठीचे यंत्र रानवाटेवर आणलेले पाहून सायकलवाल्यांना राग आला.

देशपातळीवरही असेच झाले. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने संरक्षित रानांत यांत्रिक वाहतुकीला बंदी घातली होती. तो कायदा झाला, तेव्हा माउंटन बाइक नव्हती. १९८४ मध्ये वनविभागाने नियमात सायकलीचे नाव स्पष्टपणे घातले. जवळच्या राष्ट्रीय उद्यानक्षेत्रातल्या निर्बंधांविरुद्ध मरीनच्या सायकलस्वारांची संघटना न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये अपिलातही हरली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. वाट द्या, ओल्या वाटेवर जाऊ नका, वाट सोडून बाहेर जाऊ नका, असे नियम तिने स्वतःच्या लोकांना घालून दिले.

आता फुलांच्या बाजूने पाहू. चाकाने पायापेक्षा जास्त नुकसान होते का? मोंटानात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदयात्री, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली गेली. पाय आणि खूर यांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली. कॅनडातल्या ओंटारिओत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अस्पर्श जमिनीवरून ५०० फेऱ्यांपर्यंत पायी आणि सायकलीने जाऊन पाहिले. वनस्पतींचे आणि मातीचे नुकसान दोन्हींत जवळपास सारखे निघाले. सायकलवाले हे निष्कर्ष आनंदाने सांगतात. पण त्यात एक पळवाट आहे. एक फेरी विरुद्ध एक फेरी ही तुलना बरोबर असली, तरी सायकलस्वार एका सकाळी चालणाऱ्याच्या कितीतरी पट अंतर कापतो. आणि तो काय वाहून नेतो, हाही प्रश्न आहे. १९९५ मध्ये मरीनमध्ये टॅनओक झाडे अचानक मरू लागली. पुढे त्या रोगाचा जंतू सापडला. ओल्या चिखलातून तो बुटांना आणि टायरना चिकटून पसरू शकतो. तणांचे बी तसेच जाते. चिखल मात्र बूट आणि टायर यांत भेद करत नाही.

माझ्यापुरता निष्कर्ष असा. पायी की चाकावर, या प्रश्नाभोवती हे भांडण फिरत राहिले, कारण माणसाला समोरचा माणूस दिसतो. फुलांच्या दृष्टीने मोठे प्रश्न वेगळे आहेत. माळात घुसणारी झाडे कोण रोखणार, ब्रूम कोण उपटणार, जिथे शक्य आहे तिथे जपून आग लावायचे धाडस कोण करणार? हात न लावता हा डोंगर फुललेला नव्हता आणि हात न लावता तो फुललेला राहणारही नाही. ज्यांनी तो शतकानुशतके राखला, त्यांना हाकलून दिल्यावर ते काम कोणाच्याच नावावर उरले नाही. अलीकडे मरीनमध्ये नियंत्रित आग पुन्हा वापरली जाऊ लागली आहे, ही आशेची गोष्ट.

आपल्याकडे डोंगरांना दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात आणि आपण ते विझवायला धावतो, ते योग्यच आहे. तिकडची आग इकडे उचलून आणता येणार नाही. आपल्या सड्यांचा हिशोब वेगळा आणि तो इथल्याच गुराख्यांना, गवत कापणाऱ्यांना आणि अभ्यासकांना विचारून मांडावा लागेल. पण कासला गर्दी झाली म्हणून कुंपण आणि रोजच्या माणसांची मर्यादा आली, तेव्हा आपली चर्चाही कोण येतो आणि किती येतात यावरच थांबली, हे मला तिथे बसून आठवले.

त्या बाईंना मी आठवड्याने पुन्हा भेटलो. स्वयंसेवकांची ठरलेली सकाळ होती. मला त्यांनी हातमोजे दिले आणि ब्रूम मुळापासून कसे उपटायचे ते दाखवले. खोडाशी पकड घ्यायची आणि सरळ वर ओढायचे. तुटले तर ते बुंध्यातून पुन्हा फुटते. जमिनीतले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून त्याच जागी दरवर्षी यावे लागते. त्या कित्येक वर्षे येत होत्या. माझ्या तीन तासांत जेवढा तुकडा साफ झाला, तो आपल्या दिवाणखान्याएवढा असेल. मी विचारले, "सायकलवाल्यांचा तुम्हाला राग येतो का?" त्या म्हणाल्या, "वेगाने जाणाऱ्यांचा येतो. थांबून सायकल फुलांवर टाकणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो." आणि हसल्या.

संध्याकाळी सायकल परत करण्याआधी मी भाच्याच्या अंगणात ती धुवायला घेतली. टायरच्या खाचांत वाळलेला चिखल बसला होता. जुन्या ब्रशने तो कोरून काढला. त्यात गवताची तीन कुसळे आणि बारीक काळ्या बिया होत्या. त्या कशाच्या ते मला ओळखता आले नाही. कागदात गुंडाळून मी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि दुसऱ्या टायरकडे वळलो.